उरलेल्या थेंबांचा हिशेब : कोलोरॅडो, १९९९

(धागा मोठा आहे. सवडीने वाचावा.)

१९९९ सालच्या उन्हाळ्यात अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यातल्या एका डायलिसिस केंद्रात रुग्णांना थंडी वाजून ताप भरू लागला. हे रुग्ण घरून येत, तीन-चार तास यंत्राला जोडलेल्या खुर्चीत बसत आणि पुन्हा घरी जात. त्यांतले काही जण आता हुडहुडीने कापू लागले. अनेकांच्या रक्ताची तपासणी केली असता एकच जिवाणू सापडला : सेराशिया लिक्विफेशियन्स.

या जिवाणूच्या कुळाची कथा जुनी आहे. १८१९ साली इटलीतील पादुआ परिसरात मक्याच्या शिजवलेल्या पिठावर, म्हणजे तिथल्या पोलेंटावर, रक्तासारखे लाल डाग उमटू लागले. लोक भयभीत झाले. बार्तोलोमेओ बित्झिओ या औषधशास्त्रज्ञाने हे एका सूक्ष्म सजीवाचे काम असल्याचे दाखवून दिले आणि त्या सजीवाला सेराफिनो सेराती या आपल्या देशबांधव पदार्थवैज्ञानिकाचे नाव दिले. बित्झिओचा लाल जिवाणू आणि कोलोरॅडोतला जिवाणू हे भाऊबंद. पाणी, माती, वनस्पती, जिथे ओल असेल तिथे ते सुखाने राहतात. माणसाच्या रक्तात मात्र लिक्विफेशियन्स क्वचितच आढळतो. एखाद्या रुग्णाच्या रक्तात तो मिळाला असता तर योगायोग म्हणता आला असता. एकाच केंद्रात, एका महिन्याच्या अवधीत, एकामागून एक रुग्णांच्या रक्तात तो मिळू लागला तेव्हा योगायोगाला जागा उरली नाही. कशाच्या तरी वाटे तो त्यांच्या रक्तात पोचवला जात होता.

आणि केंद्र बंद ठेवणे शक्य नव्हते. एखाद्या उपाहारगृहातले अन्न खाऊन लोक आजारी पडले तर त्याला टाळे ठोकता येते. मूत्रपिंडे निकामी झालेल्या माणसाला आठवड्यातून तीनदा यंत्राकडे यावेच लागते. दोन-चार खेपा चुकल्या तर रक्तात साचलेले पोटॅशियम आणि अंगात साठलेले पाणी त्याचा जीव घेऊ शकते. त्यामुळे ज्या खोलीत काल ताप भरला, त्याच खोलीत परवा पुन्हा हात पुढे करून बसणे रुग्णांना भाग होते. तपास जितके दिवस लांबेल तितक्या वेळा त्यांना त्याच अज्ञात धोक्यापुढे बसावे लागणार होते.

डायलिसिसच्या रुग्णाचे रक्त असे उघड्यावर येते कसे, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

विलेम कोल्फ या डच डॉक्टराने दुसऱ्या महायुद्धात, जर्मनांच्या ताब्यातील नेदरलँड्समध्ये, काम्पेन या गावी पहिले उपयोगी कृत्रिम मूत्रपिंड बनवले. १९४३ साल होते. सॉसेजच्या आवरणासाठी वापरली जाणारी सेलोफेनची नळी लाकडी पट्ट्यांच्या पिंपाभोवती गुंडाळून त्याने त्या नळीतून रक्त फिरवले. यंत्र चालले, पण दर वेळी रक्तवाहिनी नव्याने कापावी लागे आणि कापायला जागा संपल्या की उपचारही संपत. त्यामुळे ज्यांची मूत्रपिंडे काही आठवड्यांत आपोआप सुधारण्याची आशा होती अशांनाच त्याचा उपयोग होई.

१९६० मध्ये सिएटलच्या बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी रोहिणी आणि नीला यांना जोडणारी टेफ्लॉनची नळी हातावर कायमची बसवली. जोडणी उघडायची, यंत्र लावायचे, काम झाले की पुन्हा मिटायची. त्यांचा पहिला रुग्ण पुढे अकरा वर्षे जगला. याच सिएटलमध्ये, यंत्रे थोडी आणि रुग्ण फार म्हणून, कोणाला डायलिसिस द्यायचे आणि कोणाला नाही हे ठरवणारी नागरिकांची एक समिती बसत असे. १९७२ च्या कायद्याने अमेरिकी सरकारने हा खर्च मेडिकेअर या आपल्या विमायोजनेत घेतला, तेव्हा ती निवड संपली आणि देशभर डायलिसिस केंद्रे उभी राहिली. पुढे टेफ्लॉनच्या नळीची जागा शस्त्रक्रियेने रोहिणी-नीला जोडून केलेल्या फिस्टुलाने घेतली. तरीही मूळ गोष्ट तीच राहिली. आठवड्यातून तीन वेळा या माणसांच्या रक्ताचे दार उघडावे लागते.

दारातून काय आत शिरले असेल? अशा वेळी पहिला संशय पाण्यावर जातो, आणि तो रास्त असतो. डायलिसिसच्या यंत्रात एका अतिपातळ पडद्याच्या एका बाजूने रक्त वाहते आणि दुसऱ्या बाजूने क्षारयुक्त पाणी, मिनिटाला साधारण अर्धा लिटर. चार तासांच्या सत्रात असे १२० लिटर पाणी रक्ताला लागून जाते. सामान्य माणूस जेवढे पाणी दोन महिन्यांत पितो, तेवढ्याशी या रुग्णाचे रक्त एका बैठकीत शेजार करते. मध्ये आतडे नाही, यकृत नाही. कोलोरॅडोच्या घटनेच्या तीनच वर्षे आधी, १९९६ मध्ये, ब्राझीलमधील कारुआरू शहरात याचा भयंकर प्रत्यय आला होता. तिथल्या केंद्रात आलेल्या पाण्यात निळ्या-हिरव्या शेवाळाचे विष होते आणि यकृत निकामी होऊन ५० हून अधिक रुग्ण दगावले. १९९५ मध्ये कॅनडातील रक्तसंसर्गाचा माग यंत्राच्या सांडपाण्याच्या जोडणीपर्यंत गेला होता. म्हणजे संशयितांची यादी तयारच होती : पाणी, यंत्र, नळ्या.

अमेरिकेच्या रोगनियंत्रण संस्थेच्या, म्हणजे सीडीसीच्या, आणि राज्याच्या आरोग्यखात्याच्या तपासनिसांनी पाण्याचे नमुने घेतले, औषधांचे घेतले, साबणाचे आणि हाताला लावायच्या लोशनचेही घेतले. कर्मचाऱ्यांच्या हातांवरून बोळे फिरवून तेही प्रयोगशाळेत पाठवले. पण नमुने घेणे हा तपासाचा अर्धाच भाग. ओलसर जागी असे जिवाणू कुठेही भेटू शकतात. जो सापडला तोच गुन्हेगार असे म्हणता येत नाही. दुसरा अर्धा भाग टेबलाशी बसून, नोंदवह्या चाळून करायचा असतो, आणि या प्रकरणातली खरी हुशारी तिथे दिसते.

साथीच्या तपासात सहसा आजारी माणसांची निरोगी माणसांशी तुलना करतात. लंडनच्या ब्रॉड स्ट्रीटवरील पंपाची जॉन स्नोची गोष्ट आता इतक्यांदा सांगितली गेली आहे की ती इथे पुन्हा सांगण्याची गरज नाही. पण डायलिसिस केंद्रात एक अडचण असते. रुग्ण तेच, खुर्च्या त्याच, यंत्रेही तीच. सोमवारी तापाने फणफणलेला माणूस शुक्रवारी त्याच यंत्रावर सुखरूप पार पडतो. म्हणून लिसा ग्रोस्कॉफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसाऐवजी सत्र हे एकक धरले. ज्या ज्या दिवशी संसर्ग किंवा ताप नोंदला गेला, त्या दिवशीचे प्रत्येक सत्र मोजले. ४८ रुग्णांची अशी २०८ सत्रे निघाली. त्यांपैकी १२ सत्रांत रक्तात जिवाणू सापडला होता, ८ सत्रांत जिवाणू न सापडता नुसती थंडीतापाची प्रतिक्रिया आली होती आणि उरलेली १८८ सत्रे निर्वेध होती. मग प्रश्न असा झाला : त्या २० सत्रांत असे काय घडले, जे या १८८ मध्ये घडले नाही?

दोन गोष्टी वर आल्या. पहिली वेळेची. सकाळच्या पाळीपेक्षा दुपारच्या आणि संध्याकाळच्या पाळीत संसर्ग अधिक होता. पाणी सर्व पाळ्यांना तेच असताना सकाळचे लोक बव्हंशी सुटत होते. दुसरी गोष्ट एका औषधाच्या मात्रेची. बाधित सत्रांत एपोएटिन अल्फा या औषधाची मध्यक मात्रा ६५०० युनिट होती. इतर सत्रांत ती ४००० होती. ४००० पेक्षा मोठी मात्रा घेतलेल्या सत्रांत संसर्गाची शक्यता सुमारे चौपट निघाली. आकडे लहान असल्याने या चौपटीच्या अंदाजाला पुष्कळ लवचीकता होती, १.३ पटीपासून १२.३ पटीपर्यंत, पण बोट कुठे दाखवायचे हे त्यावरून ठरले.

पाण्यावरची नजर औषधाच्या कपाटाकडे वळली. आणि हे औषध साधेसुधे नव्हते.

मूत्रपिंडे केवळ रक्त गाळत नाहीत. रक्तातील तांबड्या पेशी तयार करण्याचा हुकूम देणारे एरिथ्रोपोएटिन नावाचे संप्रेरकही तीच बनवतात. मूत्रपिंड गेले की हा हुकूम थांबतो आणि रुग्ण पांढराफटक पडतो. यंत्राने जगवलेली ही माणसे जिना चढताना धापा टाकत; पुन्हा पुन्हा दुसऱ्याचे रक्त घेत आणि त्या रक्ताबरोबर कधी कावीळ, कधी शरीरात साचणारे लोह घेत. असा काही पदार्थ असावा हा कयास १९०६ पासूनचा. शिकागोचे जैवरसायनशास्त्रज्ञ यूजीन गोल्डवासर १९५५ पासून त्याच्या मागे होते. हा पदार्थ शरीरात इतका अल्प की हाती लागेना. अखेर जपानमधील ताकाजी मियाके यांनी विशिष्ट प्रकारच्या पंडुरोगाच्या रुग्णांचे २५५० लिटर मूत्र जमवले, आटवले आणि रेशमी रुमालात बांधलेले ते गाठोडे शिकागोला आणले. त्यातून १९७७ पर्यंत शुद्ध एरिथ्रोपोएटिन मिळाले ते सुमारे ८ मिलिग्रॅम. दोन दशकांहून अधिक काळच्या तपश्चर्येचे फळ चिमूटभरही नव्हते.

पुढचे काम कॅलिफोर्नियातील ॲमजेन कंपनीत झाले. तैवानमध्ये जन्मलेल्या फू-क्वेन लिन यांनी १९८३ मध्ये त्याचे जनुक वेगळे केले आणि ते पेशींमध्ये घालून संप्रेरक हवे तेवढे तयार करता येऊ लागले. सिएटलच्या जोसेफ एश्बाख आणि सहकाऱ्यांनी ते डायलिसिसच्या रुग्णांना देऊन पाहिले; निष्कर्ष १९८७ मध्ये प्रसिद्ध झाले आणि १९८९ च्या जूनमध्ये अमेरिकेत औषधाला मान्यता मिळाली. रक्त चढवण्याची गरज झपाट्याने घटली. ज्यांनी आधीची आणि नंतरची अशा दोन्ही अवस्था पाहिल्या, त्यांच्या दृष्टीने तो कायापालटच होता.

औषध मोलाचे होते आणि महागही. मेडिकेअर योजना आरंभी मात्रेमागे ठरावीक रक्कम देई. १९९१ पासून १००० युनिटांमागे ११ डॉलर आणि १९९४ पासून १० डॉलर देऊ लागली. म्हणजे कुपीच्या तळाशी राहिलेल्या थेंबांनाही आता मोजता येईल अशी किंमत आली. कल्पना करावी : कुपी १०,००० युनिटांची, समोरच्या रुग्णाला द्यायचे ४०००. उरलेल्या ६००० युनिटांचे काय? नियम म्हणतो, फेकून द्या. कुपीवर तसे छापलेलेच असे : एकदाच वापरण्यासाठी. कारण या कुपीत जिवाणूंना रोखणारे परिरक्षक द्रव्य नव्हते, आणि संप्रेरक टिकावे म्हणून मानवी अल्ब्युमिन हे प्रथिन मात्र होते. एखादा चिवट जिवाणू आत पडला तर त्याला अडवणारे काही नव्हते.

केंद्रातील प्रत्यक्ष रीत तपासली तेव्हा कळले की एकदाच वापरायच्या कुप्यांत अनेकदा सुई खुपसली जात होती. एवढेच नव्हे, तर अनेक कुप्यांच्या तळाशी राहिलेले औषध एकत्र केले जाई आणि ते रुग्णांना टोचले जाई. मराठी घराला ही वृत्ती परकी नाही. तेलाची बाटली पालथी घालून शेवटचा थेंब गाळणाऱ्या हातांकडे कोणी गुन्हेगार म्हणून पाहत नाही. दहा कुप्यांतले थेंब एकत्र केले की दहांपैकी एका कुपीतला दोष सगळ्यांचा होतो, हे गणित मात्र त्या मिश्रणाकडे पाहून डोळ्यांना दिसत नाही. द्रव स्वच्छ, पारदर्शक आणि नेहमीसारखाच असतो.

आता त्या दोन गोष्टींची संगती लागते. सकाळी कुप्या नव्या असतात. दिवस चढेल तसे उरलेले थेंब साठत जातात आणि त्यात पडलेल्या जिवाणूलाही वाढायला तास मिळतात. मोठी मात्रा म्हणजे अधिक द्रव, त्यामुळे अशा गोळा केलेल्या औषधाचा वाटा पदरी पडण्याचा संभवही अधिक. नोंदवहीतले दोन कोरडे आकडे एका खोलीतली दिवसभराची हालचाल सांगत होते.

प्रयोगशाळेचे उत्तरही याला जुळणारे आले. सेराशिया लिक्विफेशियन्स एकत्र केलेल्या औषधात सापडला आणि ज्यांतून औषध गोळा केले त्या रिकाम्या कुप्यांतही. आणखी दोन ठिकाणी तो होता : हात धुण्याच्या जंतुनाशक साबणात आणि हाताला लावायच्या लोशनमध्ये. १८४७ मध्ये व्हिएन्नात इग्नाझ सेमेलवाइस यांनी डॉक्टरांना हात धुवायला लावले, तेव्हापासून रुग्णालयात हात धुणे हेच संरक्षण मानले गेले आहे. इथे साबणच जिवाणूचे घर झाला होता. नियमाने हात धुणारी परिचारिका कदाचित त्याच क्षणी तो बोटांवर घेत असेल, आणि तीच बोटे नंतर कुपीच्या रबरी बुचाशी जात असतील.

सर्व ठिकाणचा जिवाणू एकच, हे ठरवण्यासाठी १९८४ मध्ये श्वार्ट्झ आणि कँटर यांनी प्रसिद्ध केलेले तंत्र कामी आले. जिवाणूच्या डीएनएचे मोठे तुकडे करायचे, विजेच्या क्षेत्राची दिशा पुन्हा पुन्हा बदलत त्यांना जेलीसारख्या थरातून सरकवायचे आणि उमटलेल्या पट्ट्यांची ओळ पाहायची. भिन्न जातकुळी असेल तर पट्ट्या भिन्न पडतात. इथे औषधातील, कुप्यांतील, साबणातील, लोशनमधील आणि रुग्णांच्या रक्तातील पट्ट्या तंतोतंत सारख्या आल्या.

थेंब गोळा करण्याची रीत बंद झाली. साबण आणि लोशन बदलले. त्यानंतर त्या केंद्रात या जिवाणूचा एकही संसर्ग झाला नाही, तापाची प्रतिक्रियाही आली नाही.

तपासाचा निबंध २००१ च्या मे महिन्यात न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये छापून आला. परिरक्षक नसलेली औषधे उत्पादकाच्या सूचनेप्रमाणेच वापरावीत, असा त्याचा निष्कर्ष आहे. तो अचूक आहे, पण अपुरा वाटतो. सूचना त्या खोलीत आधीही होती, प्रत्येक कुपीवर छापलेली. ती मोडली गेली याचे कारण अज्ञान इतकेच नसावे. औषधाचा दर, देयकाची रीत आणि कुपीचा आकार या तिघांनी मिळून उरलेल्या थेंबांना मोल आणले होते, आणि त्या तिन्हींपैकी एकही गोष्ट परिचारिकेच्या हातातली नव्हती.

पुढे काय झाले ते पाहिले की याची खात्री पटते. एवढा स्पष्ट पुरावा छापून आल्यावरही प्रश्न मिटला नाही. २००२ मध्ये मेडिकेअर चालवणाऱ्या यंत्रणेच्या विचारणेवरून सीडीसीने डायलिसिसमधील काही औषधांच्या अशा कुप्यांत पुन्हा सुई घालण्यास अटींसह वाव ठेवला. नियम कागदावर सैल झाला तो खर्चाच्याच रेट्याने, असे मानायला जागा आहे.

२००८ च्या आरंभी लास वेगासमध्ये एका दवाखान्यात भुलीच्या औषधाच्या एकदाच वापरायच्या कुप्या अनेक रुग्णांसाठी वापरल्याने यकृतदाहाचा सी-विषाणू पसरल्याचे उघड झाले. ४० हजारांहून अधिक लोकांना रक्त तपासून घेण्याचे कळवावे लागले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये मेडिकेअरने डायलिसिस केंद्रांसाठी नवी बंधने जाहीर केली आणि ऑगस्टमध्ये सीडीसीने २००२ ची ती सवलत कालबाह्य झाल्याचे स्पष्ट केले : एकदाच वापरायची कुपी एकाच रुग्णासाठी, आणि तिच्यात पुन्हा सुई घालायची नाही.

देयकाची रीत बदलायला आणखी काही काळ गेला. १ जानेवारी २०११ पासून मेडिकेअरने एपोएटिनचे वेगळे पैसे देणे थांबवले आणि त्याचा खर्च डायलिसिसच्या एकत्रित दरातच धरला. त्यानंतर अमेरिकेतील केंद्रांत या औषधाचा वापर उतरत गेला.